एकोणिसावी अट

३ फेब्रुवारी

दादा,

आईचा फोन तू उचलतोस आणि माझा वाजतच नाही. माझा नंबर अडवून ठेवला आहेस, हे कळायला पदवी लागत नाही. म्हणून हे पत्र. काचेच्या कारखान्याचा पत्ता आईच्या उशाखालच्या वहीतून घेतला, तिला न विचारता.

आधी कामाचं. आई तुला फोनवर सांगते ते खरं नाही. "बरी आहे रे, जरा अशक्तपणा आहे" हे तिचं वाक्य मी रोज संध्याकाळी ऐकते. आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू इथे होतास. त्यानंतरचं तुला कोणी सांगितलेलं नाही. रोग आता यकृतात पोचला आहे. पहिलं औषध सात महिने चाललं, दुसरं चार. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यापुढे माझ्याकडे ठरलेलं असं औषध नाही." मग म्हणाल्या की मोठ्या रुग्णालयात एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. दुकानात ते मिळत नाही. चाचणीत ज्यांना घेतात त्यांनाच मिळतं.

आईने कशासाठी ते न सांगता या चाचणीचं नुसतं नाव काढलं, तर तू तिला म्हणालास म्हणे, "उंदीर करतील तुझा." असं एका वाक्यात उडवून लावायला सोपं असतं. मी ती सोळा पानांची माहिती वाचली आहे. शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, मला त्यातलं निदान अर्धं तरी कळतं. आजवरची सगळी औषधं कोणीतरी आधी स्वतःवर घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली. मला तर वाटलं, आपल्या घरातलं कोणीतरी या कामात असणं ही मोठी गोष्ट आहे. हसू नकोस.

तर काल गेलो होतो. घेतलं नाही. कारण काय, तर ती फार अशक्त आहे!

अशक्त कशी, ते ऐक. बसथांब्यापासून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आई चालत आली. वाटेत दोन दुकानांसमोर थांबून बादल्यांच्या किमती विचारल्या. रस्ता ओलांडताना मला हात धरून ओढलं. फाटकात शिरल्याबरोबर म्हणते, "चाकाची खुर्ची आण."

"कशाला?"

"आण म्हणते ना. चालत आत गेलेल्याकडे कोण ढुंकून बघतं?"

आत डॉक्टरांनी विचारलं, "काकू, कसं वाटतं?" आईने डोळे मिटले. "काय सांगू, दिवस ढकलतेय." "स्वतःचं स्वतः करता का?" "माझं काही होत नाही हो. ही पोर आहे म्हणून श्वास चाललाय." पदराचं टोक तोंडाला लावून असा काही उसासा टाकला की नोंदणीच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

डॉक्टरांनी एक आकडा लिहिला आणि सांगितलं, बसत नाही.

हे कोणी शिकवलं तिला? आठव. रेशनचं कार्ड, शाळेची फी माफ, बाबांचं ऑपरेशन, प्रत्येक खिडकीपुढे जायच्या आधी तू सांगायचास, "तोंड पाड. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही." बत्तीस वर्षांत आपल्याला मिळालं ते सगळं रडून मिळालं. इथे रडलो आणि गेलं.

तुझ्याकडून एकच हवं आहे. मी फेरतपासणीसाठी अर्ज केला आहे. पुन्हा बोलावलं, तर तू आईला फोनवर सांग की डॉक्टरांपुढे सोंग करायचं नाही. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल.

तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं की नाही कळायला मार्ग नाही. कारखान्याच्या फोनवर केला. उचलणारा म्हणाला, "तो भट्टीपाशी आहे." पंधरा मिनिटांनी पुन्हा केला, तेव्हाही तू भट्टीपाशीच होतास. भाजून निघाला असशील.

नोंदणीच्या बाईंनी फेरतपासणी दिली आहे, चोवीस तारखेला. मला बोलावून समोर बसवलं आणि अटींची यादी पुढे ठेवली. मी आधी वाचली होती, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात तशी, आपल्याला हवं तेवढंच. एकूण एकोणीस अटी. आधी किमान दोन औषधं झालेली हवीत: झाली आहेत. शेवटच्या औषधाला चार आठवडे उलटलेले हवेत: उलटले. मेंदूत पसरलेलं नको: नाही. मूत्रपिंड, यकृत, रक्ताचे आकडे अमुक ते तमुक: सगळे काठावर का होईना, आत आहेत. अठरा अटींत आई बसते, दादा! अठरा! एकोणिसावी अशी आहे: रुग्ण जागेपणीच्या वेळातला अर्ध्याहून अधिक वेळ अंथरुणाबाहेर असावा आणि स्वतःचं आवरण्याइतका सक्षम असावा.

बाईंनी विचारलं, "मागच्या वेळी अशक्तपणाचा आकडा तीन पडला. दोनपर्यंत चालतो. तीन कशामुळे पडला, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "आई जरा नाटकी आहे."

त्या म्हणाल्या, "आईंचं बोलणं आम्ही अर्धंच धरतो. सगळेच तसं बोलतात. आम्ही घरच्यांना विचारतो." आणि कागद माझ्याकडे फिरवला. त्यावर लिहिलं होतं: मुलीच्या म्हणण्यानुसार दिवसभर झोपून, घास भरवावा लागतो.

तर हे मी तुला मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं. घास भरवावा लागतो, असं मी म्हणाले. मी. कोणी शिकवलं नव्हतं, आधी ठरवलंही नव्हतं. बाईंनी विचारलं, "दिवसातला किती वेळ झोपून असतात?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "जवळजवळ सगळाच." पुढचं घासाचं तर त्यांनी विचारलंही नव्हतं. माहितीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, 'पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी'. मला वाटलं, जो सगळ्यात पुढच्या टप्प्यात त्याला आधी घेणार. रांगेत सगळ्यात आजारी माणूस पहिला. असंच असायला हवं ना? कोणालाही विचार.

मुलांना मी सांगते की प्रयोगाच्या वहीत न बघितलेलं लिहायचं नाही. आणि स्वतः काय केलं? आई रोज पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचे छापील कागद घरी दुमडून देते. संध्याकाळी मी शाळेतून येते तेव्हा दुमडलेले गठ्ठे दाराशी बांधून ठेवलेले असतात, कोपऱ्याला कोपरा जुळवून. घास भरवावा लागणारी बाई असं काम करते का?

करायला गेले एक. पुढचं तुला ठाऊक आहे.

तुझ्याकडे बघून मी नाक मुरडायचे. खिडकीपुढचं तुझं ते पडलेलं तोंड बघून मला लाज वाटायची. मी कॉलेजात गेले तेव्हा ठरवलं होतं की असं कधी बोलायचं नाही. कोणी काही विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं. तीन वर्षांची पदवी आणि बत्तीस वर्षांची सवय, कोण जिंकलं बघ.

फोन कर तिला. माझ्यासाठी नको करू.

धाकटी

१२ फेब्रुवारी

दादा,

केलास. कळलं मला. आई काल रात्री जेवताना एकटीच हसत होती. विचारलं तर म्हणाली, "दादा म्हणतो, ही खिडकी उलटी आहे. इथे ताठ उभा राहील त्यालाच मिळतं." मग म्हणाली, "म्हणतो, आई, लग्नाला चाललीस असं समजून जा. केस नीट विंचर, पावडर लाव, आणि विचारलं तर म्हण, दोन सुना हाताखाली ठेवीन."

"सुना कुठे आहेत?" मी म्हटलं.

"तेच मी त्याला म्हटलं. आधी आण म्हटलं."

तुझा आवाज मी ऐकला नाही, पण तुझी सगळी वाक्यं ऐकली. आभार मानते. तुला आवडणार नाही, तरी मानते.

एक मात्र सांगते. लग्नाला चालल्यासारखं जा, हेही सोंगच झालं. मी फक्त खरं सांगायला सांगितलं होतं. पण जाऊ दे. खरं आणि तुझं सोंग या वेळी एकाच बाजूला आहेत.

नोंदणीच्या बाईंनी एक तक्ता दिला आहे. बारा दिवस रोज भरायचा: किती वाजता उठल्या, दुपारी किती वेळ आडव्या झाल्या, आंघोळ स्वतः केली का, जेवण स्वतः घेतलं का. मी दिवसभर शाळेत असते, म्हणून संध्याकाळी आईला विचारून भरते. आज: सहाला उठली, दुपारी पाऊण तास पडली, बाकी वेळ कागद. मी कोपरे मोजून बघते गठ्ठ्यांचे. एकही वाकडा नाही.

१६ फेब्रुवारी

दादा,

आज रक्त द्यायला आईला घेऊन रुग्णालयात गेले होते. जमिनीवर निळी रेघ आखली आहे, तिच्यावरून चालत गेलं की चाचणीचा विभाग येतो. बाकावर एक सुतार भेटले, साठीचे असतील. दणकट माणूस. आईला आपली जागा दिली, स्वतः उभे राहिले. त्यांनाही नाही म्हणाले होते. का? तर बारा वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली होती, तिचा विषाणू रक्तात अजून आहे. म्हणाले, "बाई, मी अजून दरवाजा एकट्याने बसवतो. पण बारा वर्षांपूर्वीची कावीळ आडवी आली. तेव्हा माहीत असतं तर नसतो पडलो आजारी." आई हसली. मला हसू आलं नाही.

मी नोंदणीच्या बाईंना गाठलं. म्हटलं, "तुमच्या यादीत बसायचं तर माणसाला कॅन्सर सोडून दुसरं काहीही व्हायला नको." त्या चिडल्या नाहीत. त्यांना रोज कोणीतरी असं म्हणत असणार. म्हणाल्या, "औषधाने रक्तातल्या पेशी कोसळतात. पहिल्या फेरीत अशक्त रुग्ण घेतले होते. त्यातले काही तीन आठवड्यांत गेले. ते रोगाने गेले की औषधाने, आम्हाला आजही सांगता येत नाही. म्हणून ही अट."

"मग अशक्त माणसाला हे औषध चालतं की नाही, हे कधी कळणार?"

"या चाचणीत नाही."

"म्हणजे उद्या औषध दुकानात आलं, तर डॉक्टर ते झोपून असलेल्यालाही देणार. कशाच्या भरवशावर?"

त्यांनी पेनाचं टोपण बंद केलं. "तुमचं बरोबर आहे," म्हणाल्या. बरोबर आहे म्हणतात आणि यादी तशीच राहते! भांडायला समोर कोणी खलनायक असता तर बरं झालं असतं. इथे सगळे समजूतदार आहेत आणि दार बंद आहे.

असो. आपल्याला काय. आपली आई बसते. तक्त्याचे पाच दिवस भरले, पाचही उत्तम. रक्ताचे आकडेही आत आहेत. मला तिथे लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सुतार बाहेर आणि आई आत, आणि मला आनंद होत होता.

तुझ्या टपरीबद्दल आपण कधीच बोललो नाही. आज लिहिते. बाबांचा पाय बरा झाला होता आणि तू त्यांना कुबडी देऊन अधिकाऱ्यापुढे उभं केलंस, म्हणून अपंगांच्या वाट्यातली टपरी मिळाली. मग तपासणीला माणूस घरी आला. तू नव्हतास. त्याने मला विचारलं, आणि मी म्हटलं, बाबा चालतात. टपरी गेली, तू गाव सोडलंस. बाबा गेले तेव्हा दोन दिवस आलास आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मला अजूनही वाटतं की मी खोटं बोलायला नको होतं. पण ते सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होती. तेवढं कबूल करते. त्या माणसाने मला "शिकलेली मुलगी" म्हटलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

आज शाळा अर्धा दिवस होती. साडेबाराला घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

बाहेरच्या खोलीत पलीकडच्या मावशी बसल्या होत्या. समोर आपले कागद, हातात आपली लाकडी पट्टी. भराभर दुमडत होत्या, अगदी आईसारखं, कोपऱ्याला कोपरा. मला बघून त्यांची पट्टी हवेतच राहिली.

"आई कुठे आहे?"

त्यांनी आत बोट दाखवलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळी मी भरून ठेवलेला डबा उघडलेला नव्हता. बाजूला बादली होती. तिला माझी चाहूल लागली नाही, इतकी गाढ. झोप होती की ग्लानी, मला कळत नाही.

मावशी मागून हळूच म्हणाल्या, "सांगू नको म्हणाली होती गं. तू गेलीस की पडते. चार वाजता मी उठवते. मग तोंड धुते, केस करते, आणि गठ्ठे दाराशी लावून बसते. तू यायच्या आत."

"कधीपासून?"

"थकलेय गं मी खोटं बोलून," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मग म्हणाल्या, "दोन महिने झाले असतील."

दोन महिने. म्हणजे पहिल्यांदा रुग्णालयात गेलो त्याच्याही आधीपासून. बादल्यांच्या किमती विचारायला ती दोनदा थांबली होती. दम खायला थांबली होती, दादा. चाकाची खुर्ची तिला हवी होती. आणि मी जे खोटं म्हणून बोलले, ज्याची मला पंधरा दिवस लाज वाटली, ते खोटं नव्हतंच. डॉक्टरांनी लिहिलेला आकडा बरोबर होता. त्या खोलीत खरं काय ते फक्त त्या आकड्याला माहीत होतं.

डॉक्टरांपुढे मरणाला टेकल्याचं सोंग, आपल्यापुढे ठणठणीत असल्याचं सोंग. मधे खरी आई दुपारी एकटी पडून असते, आणि तिला फक्त मावशींनी पाहिलंय.

चारला ती उठली. मला बघून आधी दचकली, मग रागावली. "लवकर येणार होतीस तर सांगायचं नाही का?" जसं काही मी चोरी पकडायला आले होते.

मी तक्ता पुढे ठेवला. "आई, यात मी काय लिहू?"

"रोज लिहितेस तेच."

"ते खोटं आहे."

"मग असू दे. चोवीसला जाऊन येते. अर्धा तास ताठ बसायचं, तेवढं जमतं मला. दादाने सांगितलंय कसं ते."

"औषध झेपणार नाही तुला. बाई म्हणाल्या..."

"न घेता काय झेपतंय?" मग बराच वेळ केस विंचरत राहिली. फणीत केस येतात ते बोटाला गुंडाळून खाली ठेवत होती. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू काही बोलायचं नाहीस. एकदा बोललीस तेवढं पुरे झालं या घराला."



तू सांग काय करू. खरंच विचारते आहे. टोमणा मार, शिव्या दे, पण सांग. हे पत्र तुला चोवीसच्या आत पोचणार नाही हे मला माहीत आहे. कारखान्यात तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हटलं, "निरोप द्या, बहीण आहे." तो म्हणाला, "त्याने सांगितलंय, बहीण असेल तर मी भट्टीपाशी आहे."

२४ फेब्रुवारी

दादा,

आज जाऊन आलो.

आईने निळी साडी नेसली, पावडर लावली, मावशींच्या कुड्या घातल्या. फाटकातून चालत गेली. निळ्या रेघेवरून चालली, भिंतीला हात न लावता. मी तिच्या मागे दोन पावलं होते आणि प्रत्येक पावलाला माझे हात पुढे जात होते.

डॉक्टर म्हणाले, "काकू, आज तर ओळखूच येत नाही!"

"मग! मागच्या वेळी दमले होते प्रवासाने. घरात सगळं मीच करते. हिला तर चहासुद्धा येत नाही धड." डॉक्टर हसले. तक्ता पाहिला. बारा दिवस, बाराही छान. शेवटचे पाच खोटे आहेत हे माहीत असूनही मीच भरले होते. हो, भरले होते. ती सांगत गेली, मी लिहीत गेले.

"जरा उठून दाखवा, हात न टेकता."

आई उठली. एका दमात उठली, दादा. तू असतास तर टाळी वाजवली असतीस. फक्त उठल्यावर तिचा गुडघा थरथरायला लागला, साडीच्या निऱ्या हलताना मला दिसल्या. डॉक्टरांना टेबलामुळे दिसत नव्हत्या. तिने दोन बोटं टेबलाच्या कडेला टेकवली, सहज टेकवल्यासारखी. बोटांची टोकं पांढरी झाली होती.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि रीत म्हणून मला विचारलं, "तुम्ही घरी असता. तुमचं काय म्हणणं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी तुला लिहून सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "तक्ता खोटा आहे. मीच भरलाय. ती सकाळी नऊपासून चारपर्यंत पडून असते. जेवण ठरत नाही."

तुला वाटेल, आली पुन्हा हिची मान ताठ. तसं नव्हतं रे. या वेळी मला सत्य वगैरे काही आठवलं नाही. मी घाबरले. तीन आठवड्यांत गेलेली ती माणसं आठवली, आणि वाटलं की ही इथून सही करून बाहेर पडेल आणि त्या औषधाची पहिली बाटली लागल्यावरही "बरी आहे" म्हणत राहील, आणि कोणालाच कळणार नाही. भीतीने बोलले. माझं बरोबर होतं की चूक, हे कधीच कळणार नाही. औषधाने तिला सहा महिने जास्त मिळाले असते, असंही असेल. तिच्यासारख्या माणसांना ते चालतं का, हे कोणी तपासलेलंच नाही. आणि तिला आत घेतलं नाही म्हणजे आजही तपासलं गेलं नाही. ही माझी तक्रार मी त्या खोलीतच बोलून दाखवली, मोठ्याने. डॉक्टरांनी ऐकून घेतली. मग आईला म्हणाले, "काकू, बसा आता." ती बसली नाही. ते उठून तिच्याजवळ येईपर्यंत उभीच राहिली.

वेदना कमी करणाऱ्या विभागाची चिठ्ठी दिली आहे. नर्स आठवड्यातून एकदा घरी येईल. मळमळीचं औषध आजच दिलं. दोन महिने ते मिळालं असतं, कोणी मागितलं असतं तर.

बसमध्ये आई एकच वाक्य बोलली. "नाव काढलंस."

घरी आल्यावर कुड्या काढून मावशींना दिल्या आणि त्यांना म्हणाली, "गठ्ठे घेऊन जा तुझ्याकडे. आता इथे नकोत." मग दुपारचे दोन वाजले होते, उजेड होता, मी समोर होते, दार उघडं होतं, आणि ती बाहेरच्या खोलीतच आडवी झाली. चार तास उठली नाही. मी तिच्या पायांवर चादर घातली. तिने काढली नाही.

२५ फेब्रुवारी, त्याच पत्रात

सकाळी मी हे पाकिटात घालत होते तेव्हा आईने हाक मारली. आवाज खोल होता, पण राग उतरला होता, किंवा रागावण्याइतकी ताकद नव्हती.

"कोणाला लिहितेस?"

"दादाला."

"काय लिहिलंस माझ्याबद्दल?"

"तू पडून असतेस ते."

मला वाटलं, आता कागद मागेल आणि फाडेल. तिने उशी डोक्याखाली सरळ केली. मग म्हणाली, "मग नीट लिही. सकाळी उठवत नाही, लिही. दोन घास गेले की उलटून पडतं, लिही. कागद मावशी दुमडायची, तेही लिही, नाहीतर तो त्याचं कौतुक माझंच करायचा."

मी लिहीत गेले.

"फोनवर मी 'बरी आहे' म्हणेन. मला सवय आहे. त्यावर जाऊ नको म्हणावं."

"बरं."

"तुझ्यावर चिडलाय तो. तुझ्यावर चिडूनच ये म्हणावं. इथे येऊन हवं तेवढं भांडा, मी ऐकत पडते. पण ये म्हणावं."

"कधी ये लिहू?"

आईने डोळे मिटले. "कधी काय विचारतेस," म्हणाली. "आत्ता."